बिघाड, निदान आणि दुरुस्ती : जुन्या ट्रॅक्टरांच्या देखभालीचा सामाजिक इतिहास
(उमेळे व वसई परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या खरेदीचा, कर्जपुरवठ्याचा आणि कारखानदारीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. विकत घेतलेले यंत्र पुढे वीस, तीस किंवा चाळीस वर्षे कसे चालू राहिले, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. जुन्या ट्रॅक्टरांची व त्यांच्या आधी आलेल्या तेल इंजिनांची दुरुस्ती हा यांत्रिकीकरणाचा दुय्यम नव्हे, तर मूलभूत भाग होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. उमेळे गाव ज्या सखल, खाऱ्या पट्ट्यात वसले आहे त्या वसई परिसराच्या संदर्भात रहाट, तेल इंजिन व ट्रॅक्टर हा क्रम तपासून दुरुस्तीच्या ज्ञानाचे स्वरूप, सुट्या भागांची बाजारपेठ आणि या ज्ञानापुढील सद्यःकालीन आव्हान यांचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : ट्रॅक्टर, तेल इंजिन, दुरुस्ती, मिस्त्री, वसई, खारजमीन, सुटे भाग, दुरुस्तीचा अधिकार.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे शोधांचा इतिहास, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या समजुतीला आव्हान दिले. एखाद्या समाजाचे तंत्रज्ञान जाणून घ्यायचे असेल, तर तेथे कोणता शोध लागला यापेक्षा तेथे काय वापरले गेले, किती काळ वापरले गेले आणि ते चालू ठेवण्यासाठी कोणते श्रम झाले, हे पाहावे लागते, अशी त्यांची भूमिका आहे. भारतीय शेतीच्या संदर्भात ही भूमिका विशेष उपयुक्त ठरते. येथे ट्रॅक्टर ही एका पिढीपुरती वस्तू नव्हती. वडिलांनी कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर मुलाने चालवावा, नंतर तो दुसऱ्या गावात विकला जावा आणि तेथेही आणखी काही वर्षे ट्रॉली ओढत राहावा, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे.

शासकीय आकडेवारीत ट्रॅक्टरची नोंद मुख्यतः विक्री आणि नोंदणी या दोन क्षणी होते. त्यानंतरच्या आयुष्याची नोंद मिस्त्रीच्या वहीत, सुट्या भागांच्या पावत्यांत आणि पुष्कळदा केवळ स्मरणात राहते. परिणामी या यंत्रांना प्रत्यक्ष चालू ठेवणारा वर्ग इतिहासलेखनात अदृश्य राहिला आहे. ही उणीव लक्षात आणून देणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून त्यात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे : (१) ट्रॅक्टर येण्यापूर्वी वसई परिसरात यंत्रदुरुस्तीची कोणती पूर्वपीठिका होती? (२) जुन्या ट्रॅक्टरचा बिघाड ओळखण्याच्या ज्ञानाचे स्वरूप काय होते? (३) हे ज्ञान आज कोणत्या कारणांनी धोक्यात आले आहे?

२. पूर्वपीठिका : रहाट ते तेल इंजिन

उमेळे हे वसई तालुक्यातील गाव. एका बाजूस वसईची खाडी, मिठागरे व खाजणे, तर दुसऱ्या बाजूस विहिरींच्या पाण्यावर पोसलेली बागायत, अशा दोन भूप्रकारांच्या सान्निध्यात हा पट्टा येतो. वसईची केळी, पानवेली, ऊस, भाजीपाला आणि फुले यांना मुंबईची बाजारपेठ मिळाली. १८६४ च्या सुमारास मुंबई, बडोदा आणि मध्य भारत रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाल्यावर हा संबंध अधिक दृढ झाला.

या बागायतीचा आधार रहाट होता. बैल किंवा रेड्याच्या बळावर फिरणारे लाकडी दातेरी चक्र आणि त्याच्या गतीने विहिरीत उतरणारी मडक्यांची माळ, असे त्याचे साधे पण विचारपूर्वक बेतलेले रूप होते. रहाटाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा प्रत्येक भाग स्थानिक कारागिराच्या आवाक्यातला होता. दात झिजला तर सुतार, मडके फुटले तर कुंभार आणि लोखंडी कडी तुटली तर लोहार ते काम करत असे. बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि त्यावरचा उपाय गावातच मिळत असे. दुरुस्ती हा वेगळा व्यवसाय नसून कारागिरीचाच एक भाग होता.

तेल इंजिनाने ही व्यवस्था बदलली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा उद्योग पुढे पंप आणि इंजिनांकडे वळला व १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची इंजिनेही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची होती. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीचे मिनिटाला सुमारे ६०० ते ६५० फेरे घेणारे संथ गतीचे इंजिन तर भारतात इतके रुजले, की राजकोट परिसरातील लहान कारखान्यांत त्याच्या धर्तीवर इंजिने व सुटे भाग मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील वसईच्या दृष्टीने राजकोट आणि मुंबई ही दोन्ही केंद्रे सोयीची होती.

तेल इंजिनाबरोबर बिघाडाचे स्वरूपही पालटले. आता दोष यंत्राच्या आत, डोळ्यांआड राहू लागला. सुरुवातीची काही इंजिने चालू करण्यापूर्वी त्यांचे डोके बत्तीने तापवावे लागे. ती गेल्यावर हँडल फिरवून चालू होणारी डिझेल इंजिने आली. इंजिन चालू न होण्याचे कारण इंधनात आहे, हवेत आहे की दाबात आहे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. त्यासाठी कान, हात आणि तर्क यांची वेगळी शिस्त लागते. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला पुढे उपयोगी पडलेली ही शिस्त प्रथम विहिरीवरच्या इंजिनाने शिकवली.

वसईच्या किनारी भागात या इंजिनांना एक विशेष व्याधी जडत असे. किनाऱ्यालगत गोड पाणी खाऱ्या पाण्याच्या वर थरासारखे असते. रहाट संथ गतीने वरचे पाणी उपसत असल्याने हा समतोल सहसा टिकून राहत असे. इंजिन व नंतर विजेची मोटर यांनी उपसा वाढवला, तसे खालचे खारे पाणी वर येऊ लागले. अनेक पंपसंचांत इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपाचेच पाणी वापरले जाते. पाणी मचूळ झाले की इंजिनाच्या पाण्याच्या मार्गात क्षार बसतात, पत्रे गंजतात व इंजिन तापू लागते. म्हणजे पिकाला जे पाणी बाधले, तेच यंत्रालाही बाधले. जमिनीचा आजार आणि यंत्राचा आजार येथे एकाच कारणातून उद्भवलेले दिसतात. वसईच्या भूजलाचा इतिहास लिहिताना इंजिन-दुरुस्तीची साक्ष काढता येईल, ती या अर्थाने.

३. ट्रॅक्टरचे आगमन आणि विविधतेचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर लगेचच केंद्र शासनाने केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेमार्फत कांसगवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी आरंभी युद्धातून उरलेली अमेरिकन यंत्रे वापरण्यात आली आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. अवजड आयात यंत्रे हाताळण्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भासू लागली. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेले ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र हे या गरजेचे फलित होय.

भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर कंपनीने सुरू केले. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहभागातून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. या कंपनीचा बी-२७५ हा ट्रॅक्टर मुंबईतील कांदिवली येथे तयार होऊ लागला. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली, तथापि '२७५' हा आकडा नंतरच्या ट्रॅक्टरांच्या नावांतही टिकून राहिला. एस्कॉर्ट्सने १९७१ पासून फोर्डच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. त्याच वर्षी एच.एम.टी.ने पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू केले. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज ट्रॅक्टर आला. याशिवाय सोव्हिएत संघ, पोलंड, रुमानिया आणि पूर्व जर्मनी येथून आयात झालेले ट्रॅक्टर होतेच. महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळाची १९६५ मधील स्थापना आणि १९६९ मधील बँकांचे राष्ट्रीयीकरण या घटनांनी शेतकऱ्यापर्यंत यंत्र पोहोचण्याचा मार्ग सुकर केला.

कांदिवलीचा कारखाना नायगाव-वसई पट्ट्यापासून रेल्वेमार्गाने वीस किलोमीटरच्या आत होता. असे असूनही वसईच्या भातखाचरांत ट्रॅक्टरचा प्रसार पश्चिम महाराष्ट्रातील ऊसपट्ट्याप्रमाणे झाला नाही. खाचरांचा लहान आकार, मधले बांध आणि पावसाळ्यातील खोल चिखल यांमुळे मोठ्या ट्रॅक्टरला मर्यादा पडल्या. कोकणात या कामी पॉवर टिलर अधिक सोयीचा ठरला. मित्सुबिशीच्या तंत्रसहकार्याने १९६७ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या व्ही.एस.टी. कंपनीमुळे तो देशात उपलब्ध झाला होता. ट्रॅक्टर जेथे आला, तेथे त्याने नांगरणी-चिखलणीइतकेच वाहतुकीचे काम केले. शेतीचे यंत्र वर्षातील मोठा काळ रस्त्यावर धावू लागले की त्याच्या बिघाडांचा प्रकारही बदलतो. नांगरणीत हायड्रॉलिक लिफ्ट व क्लच यांवर ताण येतो, तर ट्रॉलीच्या वाहतुकीत ब्रेक, पुढचा आस आणि स्टिअरिंग झिजतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने खरा प्रश्न होता तो या यंत्रांच्या विविधतेचा. ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरला इंची मापाचे पाने लागत, तर झेटरला मिलिमीटर मापाचे. सुरुवातीचे आयशर आणि पुढे आलेले किर्लोस्कर-डॉइट्झ हवेवर थंड होणारे होते. त्यांना रेडिएटर नव्हता, पण इंजिनाच्या पात्यांमध्ये धूळ व भुसा अडकला की ती इंजिने तापत. झेटरच्या एका मालिकेत दोन, तीन व चार सिलिंडरच्या इंजिनांचे अनेक भाग समान होते, त्यामुळे एका ट्रॅक्टरचा भाग दुसऱ्यास चाले. एका मिस्त्रीला एवढ्या निरनिराळ्या घडणी हाताळाव्या लागत आणि त्यांची पुस्तके मिळाली तरी ती बहुधा इंग्रजीत असत. अशा स्थितीत पुस्तकापेक्षा तत्त्व जाणणे आवश्यक ठरले.

४. निदानाची पद्धती : एक ज्ञानव्यवस्था

मिस्त्रीचे ज्ञान म्हणजे केवळ सवय किंवा 'हातगुण' होय, असा समज सुशिक्षित वर्गात आढळतो. जुन्या ट्रॅक्टरचे निदान कसे केले जाते हे बारकाईने पाहिल्यास हा समज टिकत नाही. या निदानाला निश्चित क्रम आहे. त्यात अनुमान आहे, परीक्षा आहे आणि अनुमान चुकल्यास माघार घेण्याची सोयही आहे.

जुन्या डिझेल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी फवारलेले स्वच्छ इंधन, पुरेशी हवा आणि त्या हवेवर पडणारा पुरेसा दाब. इंजिन फिरते पण चालू होत नाही, अशा वेळी प्रथम इंधनाचा मार्ग टाकीपासून पुढे तपासला जातो. टाकीचा कॉक, गाळ साचणारी वाटी, फिल्टर आणि मग पंप. पाइपात हवा शिरली असेल तर पंप कितीही फिरला तरी इंधन पुढे जात नाही. फिल्टरवरील व पंपावरील स्क्रू क्रमाने सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देणे, म्हणजेच 'हवा काढणे', हा सर्वांत स्वस्त उपाय प्रथम केला जातो. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट सैल करून इंजिन फिरवले जाते. तेथे डिझेलची पिचकारी उडाली तर पंपापर्यंतचा मार्ग ठीक आहे आणि दोष त्यापुढे आहे, असे सिद्ध होते. संशयाचे क्षेत्र प्रत्येक परीक्षेने निम्मे करत नेण्याची ही रीत तर्कशास्त्राच्या कोणत्याही पाठात शोभावी अशी आहे.

इंजिन चालू आहे पण एका ठेक्यात चालत नाही, अशा वेळी एकेका सिलिंडरच्या पाइपाचा नट क्षणभर सैल केला जातो. निरोगी सिलिंडरचे इंधन तोडले की इंजिनाचा आवाज पडतो. ज्या सिलिंडरचे इंधन तोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. कोणत्याही उपकरणाशिवाय केवळ कानाने केलेली ही नियंत्रित चाचणी आहे.

धुराचा रंग ही निदानाची दुसरी खूण. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी : एअर क्लीनर तुंबलेला, नोझल टपकणारे किंवा पंपातून इंधन जास्त येत असलेले. निळसर धूर म्हणजे इंजिनतेल जळत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या. पांढरा धूर म्हणजे न जळालेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी. मात्र एकाच खुणेवर मिस्त्री विसंबत नाही. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील आणि तेलाच्या कांडीवर दुधी रंगाचे तेल दिसत असेल, तरच हेड गॅस्केट किंवा लायनरकडे बोट दाखवले जाते. दाब कमी असल्याचा संशय असेल तर सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा दाब पाहतात. तेलाने दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा. तेल रिंग व भिंत यांमधली फट तात्पुरती बुजवते, व्हॉल्व्हची मात्र बुजवू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

हायड्रॉलिक लिफ्ट हा ट्रॅक्टरचा स्वतंत्र अवयव. हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेल्या त्रिबिंदू जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरचाच भाग बनले व दाबाखालच्या तेलाने ते उचलले जाऊ लागले. लिफ्ट उचलतच नसेल तर तेलाची पातळी, तुंबलेली जाळी आणि पंप या क्रमाने पाहिले जाते. लिफ्ट उचलते पण इंजिन बंद करताच अवजार हळूहळू खाली येते, अशा वेळी पंप निर्दोष ठरतो आणि दोष सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये असतो. हा भेद न कळल्यास महागडा पंप विनाकारण बदलला जातो. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अचूक निदान म्हणजे वाचलेला पैसा आणि हंगामात वाचलेला दिवस. मृगाच्या सरी पडल्यावर चिखलणीचे दिवस मोजकेच असतात आणि आवण तयार झाले की लावणी थांबवता येत नाही. त्यामुळे दुरुस्तीची गती हा प्रश्न थेट उत्पन्नाशी जोडलेला आहे.

खाऱ्या पट्ट्यातील ट्रॅक्टरला याखेरीज आणखी काळजी लागते. मुंबई खारजमीन अधिनियम (१९४८) व पुढे महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम (१९७९) यांच्या आधारे बंधारे घालून ज्या जमिनी लागवडीखाली राखल्या गेल्या, तेथील चिखलात मिठाचा अंश असतो. चिखल चाकाच्या सीलमधून आत गेला की ब्रेकचे पट्टे व बेअरिंग खराब होतात. खाऱ्या हवेने विजेच्या तारांची टोके हिरवी पडतात आणि बॅटरी निर्दोष असूनही सेल्फ फिरत नाही. अशा ठिकाणी अनुभवी मिस्त्री बॅटरी बदलण्याआधी तारेची टोके घासून पाहतो. हंगाम संपल्यावर गोड पाण्याने यंत्र धुणे, ग्रीस भरणे, उघड्या लोखंडाला जुने तेल लावणे हे उपाय साधे असले, तरी यंत्राचे आयुष्य त्यांवरच ठरते.

या ज्ञानाचे उदात्तीकरण करणेही योग्य नव्हे. दुरुस्तीच्या नावाखाली चुकीचे प्रघातही रूढ झाले. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे हा त्यांपैकी एक. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, तेलात गाळ साचतो आणि झीज वाढते. ओढ वाढावी म्हणून पंपाचे सील तोडून इंधन वाढवण्याच्या प्रथेने धूर व खर्च वाढला आणि इंजिनाचे आयुष्य घटले. परंपरागत ज्ञानाप्रमाणे कार्यशाळेतील ज्ञानाचीही चिकित्सा आवश्यक आहे.

५. सुट्या भागांचा भूगोल

निदान कितीही अचूक असले तरी सुटा भाग मिळाला नाही तर ते निरुपयोगी ठरते. जुन्या ट्रॅक्टरचे आयुष्य कारखान्याच्या आयुष्याशी पूर्णतः बांधलेले नव्हते, ही या इतिहासातील महत्त्वाची बाब आहे. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला, पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्रकडे आली. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ मध्ये घेतला. तरीही या बनावटींचे जुने ट्रॅक्टर शेतावरून लगेच नाहीसे झाले नाहीत.

याची कारणे तीन. पहिले, प्रमाणीकरण. बेअरिंग, ऑईल सील, पट्टे, नटबोल्ट हे भाग कोणत्याही एका कंपनीचे नसतात. बेअरिंगवरचा क्रमांक वाचता आला की तेच माप मुंबईच्या नागदेवी परिसरातील दुकानात मिळते, मग ट्रॅक्टर कोणत्याही देशाचा असो. इंधन पंप व नोझल यांबाबतही हेच घडले. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे हे भाग देशात तयार होऊ लागले आणि 'पंपवाला' हा स्वतंत्र कारागीर शहरोशहरी उदयास आला. दुसरे, लघुउद्योग. राजकोट, लुधियाना यांसारख्या केंद्रांतून मूळ कंपनीच्या भागांना पर्याय उपलब्ध झाला. दर्जा कमीअधिक असला तरी किंमत परवडणारी होती. तिसरे, लेथ. क्रँक घासून खालच्या मापाची बेअरिंग बसवणे, झिजलेल्या शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा मापात आणणे, न मिळणारे बुश ओतीव पितळेतून कातणे ही कामे लेथवर होत. मुंबईच्या कारखानदारीच्या छायेत वाढलेल्या परिसराला हे कौशल्य सहज उपलब्ध होते. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम यांनी या कौशल्याला औपचारिक आधार दिला. परंतु प्रमाणपत्र नसलेला, गॅरेजमध्ये पाने देता देता शिकलेला कामगार हाच या व्यवस्थेचा कणा राहिला.

६. नागरीकरण, नवे तंत्र आणि दुरुस्तीचा अधिकार

वसई परिसरात या ज्ञानापुढे दोन बाजूंनी आव्हान उभे राहिले. पहिले आव्हान नागरीकरणाचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येथील हिरव्या पट्ट्यातील बांधकामाला चालना मिळाली. १९८९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. शेतजमीन घटली की शेतीयंत्राचा मिस्त्रीही अन्य वाहनांकडे वळतो. कौशल्य नष्ट होण्यासाठी कोणी त्यावर बंदी घालावी लागत नाही, त्याला काम न मिळणे पुरेसे असते. जमीन वाचवण्याच्या चर्चेत झाडे, विहिरी आणि भूजल यांचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. त्या जमिनीबरोबर जाणाऱ्या यंत्रकौशल्याचा विचार मात्र झालेला नाही.

दुसरे आव्हान खुद्द यंत्राच्या बदलत्या घडणीचे. १ जानेवारी २०२३ पासून भारतात ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना अधिक कडक प्रदूषण निकष लागू झाले. हे निकष पाळण्यासाठी अशा ट्रॅक्टरांत इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. प्रदूषण कमी होणे निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि या यंत्राचा बिघाड धुराच्या रंगावरून किंवा पाइपाचा नट सैल करून शोधता येत नाही. किंबहुना अतिउच्च दाबामुळे तसे करणे जिवावर बेतू शकते. निदानासाठी संगणकीय उपकरण लागते आणि ते कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न निर्माण होतो.

अमेरिकेत या प्रश्नाने राजकीय रूप धारण केले. शेतकऱ्यांना स्वतःच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती स्वतः किंवा स्वतंत्र मेकॅनिककडून करता यावी, यासाठी कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा संमत केला. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत मोबाइल, गृहोपयोगी वस्तू व वाहने यांबरोबर शेती उपकरणांचाही समावेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू करण्यात आले. भारतातील शेतकरी हा अधिकार कायद्याच्या भाषेत मागत नव्हता, कारण अर्धशतकाहून अधिक काळ तो प्रत्यक्षात उपभोगत होता. यंत्र उघडे होते, भाग प्रमाणित होते आणि मिस्त्री जवळ होता. जो अधिकार व्यवहारात सहज मिळत होता, तो आता लेखी मागावा लागणे, यातच या बदलाचा अर्थ सामावला आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) रहाट, तेल इंजिन व ट्रॅक्टर हा क्रम केवळ शक्तीच्या वाढीचा नसून बिघाड अधिकाधिक अदृश्य होत जाण्याचाही क्रम आहे. त्या प्रमाणात दुरुस्तीचे ज्ञान गावातील सर्वसामान्य कारागिरीतून विशेष व्यवसायाकडे सरकले.

(२) जुन्या ट्रॅक्टरचे निदान ही क्रमबद्ध, तर्काधिष्ठित पद्धती आहे. तिला अशास्त्रीय मानणे वस्तुस्थितीला धरून नाही, तसेच तिच्यातील चुकीच्या प्रघातांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही.

(३) वसईच्या खाऱ्या पट्ट्यात जमीन, पाणी आणि यंत्र यांचे बिघाड परस्परांशी निगडित राहिले. म्हणून या परिसराचा पर्यावरणीय इतिहास आणि यंत्रांचा इतिहास एकत्र अभ्यासणे आवश्यक आहे.

(४) यांत्रिकीकरण टिकले ते प्रमाणित भाग, लघुउद्योग आणि अनौपचारिक प्रशिक्षण या तीन आधारांवर. धोरणकर्त्यांनी नव्या यंत्राच्या खरेदीला अनुदान देताना या आधारांचाही विचार करावयास हवा.

(५) हे ज्ञान प्रामुख्याने मौखिक आहे. ज्या पिढीने बी-२७५ आणि झेटर उघडून जोडले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी परिसरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सहकार्याने अशा कारागिरांच्या मुलाखती, जुन्या वह्या, पावत्या आणि सुट्या भागांच्या याद्या संकलित केल्यास प्रादेशिक इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन उपलब्ध होईल. किल्ल्याचा दगड आणखी काही शतके तग धरेल, परंतु कारागिराच्या स्मरणातील नोंद त्याच्या हयातीतच घ्यावी लागते. वसईच्या किल्ल्यावर जितक्या आस्थेने संशोधन झाले, त्याच्या अल्पांशाने तरी त्या किल्ल्याच्या परिसरात यंत्रे चालू ठेवणाऱ्या माणसांवर व्हावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.